फुटत्या लाटांतून कॅटामरान काढताना

प्रश्न : ताई, मी मूळचा वेंगुर्ल्याचा, नोकरीमुळे चेन्नईत असतो. आम्ही तीन मित्रांनी मिळून एक जुनी होबी 16 कॅटामरान, म्हणजे दोन हलांची (तरंगणाऱ्या धडांची) शिडाची होडी, घेतली आणि शहराच्या दक्षिणेला एका किनाऱ्यावर ठेवली आहे. गेल्या महिन्यात तीनदा ती समुद्रात न्यायला गेलो. दोनदा लाटांनी परत आणून टाकलं, तिसऱ्यांदा होडी उलटली आणि डोलकाठी वाकली. पोहायला तिघांनाही उत्तम येतं. आमचं चुकतं कुठे? – एक वाचक, चेन्नई

उत्तर : तुमच्या पत्रात डोलकाठी वाकल्याचं आहे, पण होडी उलटली तेव्हा तुम्ही तिघे कुठे उभे होता ते नाही. मला आधी तेच विचारायचं आहे. फुटत्या लाटांत पाण्यापेक्षा आपल्याच होडीचं भय जास्त. होबी 16 चं वजन साधारण 145 किलो, रुंदी 2.41 मीटर. तेवढ्या रुंदीचा, अर्धा मीटर उंच आणि मीटरभर जाडीचा लोंढा आला तर फेसातली हवा वजा करूनही ते पाणी टनाच्या आसपास भरतं. ते तुमच्या होडीला किनाऱ्याकडे ढकलणार, आणि वाटेत जो असेल त्याला होडी चेपणार.

हे मला माझ्या डाव्या पायाने शिकवलं. 1994 चा फेब्रुवारी, चेन्नईजवळच्या कोवळमचा किनारा. मी होडीच्या मागे, म्हणजे किनाऱ्याच्या बाजूला उभी राहून तिला धरून ठेवत होते. लाट काही मोठी नव्हती, कमरेएवढी असेल. होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, जरा वळली, पुढच्या लाटेने तिला आडवं धरलं आणि हल सरळ माझ्या नडगीवर आला. एका बाजूला होडी, दुसऱ्या बाजूला वाळूचा उतार. दोन्ही हाडं मोडली. तीन महिने प्लास्टरमध्ये होते, आणि आजही पावसाळ्यात तो पाय बोलतो.

म्हणून पहिला नियम, आणि यात तडजोड नाही : होडी आणि किनारा यांच्या मध्ये माणूस नको. एकाने नाळेकडे, समुद्राच्या बाजूला राहायचं. सुकाणू धरणाऱ्याने वाऱ्याकडच्या हलच्या बाहेरून, मागच्या आडव्या दांड्याच्या थोडं पुढे. लाटेने नाळ फिरवलीच तर ती बहुतेक वेळा वाऱ्यापासून दूर पडते, त्यामुळे वाऱ्याकडे उभा असलेला माणूस आपोआप समुद्राच्या बाजूला राहतो. आणि होडी हातातून निसटायला लागली तर सोडून द्या. ती जाऊन जाऊन किनाऱ्यालाच लागणार आहे. तिसऱ्या मित्राला सुरुवातीला वाळूवरच ठेवा. होबी 16 दोघांची होडी आहे, आणि काठावर एक शहाणा माणूस उभा असणं ही चैन नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. माझा अंदाज असा की तुम्ही किनाऱ्यावर पोचता, शीड चढवता आणि पाण्यात घुसता. लाटा बघत बसत नाही.

माझा पाय मोडला त्याच्या आधीपासूनच एका कोळ्याने मला हाताशी धरून शिकवायला घेतलं होतं. मी त्यांना अण्णा म्हणायचे, ते मला तंगच्ची म्हणायचे, म्हणजे धाकटी बहीण. मी देवगडची, 1988 मध्ये लग्न होऊन मद्रासला आले होते, तमिळ धड येत नव्हतं. पण 'अण्णा' दोन्हीकडे एकच. अण्णांची कट्टुमरम होती, लाकडाचे ओंडके दोराने बांधून केलेली. पहाटे निघण्याआधी ते वाळूवर उकिडवे बसत आणि वीस मिनिटं काहीही करत नसत. मला वाटायचं, देवाचं नाव घेत असतील. एक दिवस विचारलं तर म्हणाले, 'अलै' बघतोय. अलै म्हणजे लाट.

त्या वीस मिनिटांत काय बघायचं ते सांगते. लाटा एकसारख्या येत नाहीत, घोळक्याने येतात. पाच-सात मोठ्या, मग काही लहान, मग पुन्हा मोठ्या. सातवी लाट मोठी असते असं आपल्याकडे म्हणतात, पण त्यावर विसंबू नका. त्या दिवसाचा घोळका त्या दिवशीच मोजावा लागतो. घड्याळ लावा. दोन लाटांमध्ये किती सेकंद जातात? मोठ्या घोळक्यानंतर किती लाटा लहान येतात? समजा, लाट दर दहा सेकंदांनी येते आणि फुटत्या लाटांचा पट्टा 60 मीटर रुंद आहे. होडीने सेकंदाला तीन मीटर वेग धरला तर पट्टा वीस सेकंदांत पार होतो, म्हणजे दोन लाटांत. ढकलायला आणि चढायला आणखी एक लाट धरा. तुम्हाला तीन लहान लाटा सलग हव्यात, त्याहून जास्त काही नको. त्या दिवशी तीन मिळत नसतील तर त्या दिवशी जायचं नाही.

दुसरी गोष्ट, लाट कुठे फुटते ते बघा. लाटेच्या उंचीच्या मानाने पाणी उथळ झालं की ती फुटते. मीटरभर लाट साधारण सव्वा मीटर पाण्यात मोडते. म्हणजे पांढरा फेस हा समुद्राच्या तळाचा नकाशाच आहे. चेन्नईला भरती-ओहोटीतला फरक जेमतेम मीटरभर. मुंबईत उधाणाला चार मीटरच्या वर जातो. त्यामुळे तुमच्याकडे बाहेरचा वाळूचा बांध आणि काठाचा उतार, दोन्ही दिवसभर जवळपास एकाच जागी काम करतात. बाहेर एक ओळ फुटते, मध्ये जरा शांत, आणि अगदी काठावर दुसरी लाट धाडकन आपटते. ही काठावरची लाट दिसायला लहान असते, पण तुमची डोलकाठी बहुधा तिनेच वाकवली. होडी उथळ पाण्यात उलटली की डोलकाठीचं टोक वाळूत रुततं आणि पुढची लाट होडीचा सगळा भार तिच्यावर टाकते. खोल पाण्यात उलटलेली होबी दोराला लोंबकळून दोन माणसं सरळ करतात. गुडघाभर पाण्यात तीच होडी भंगार होते.

वाऱ्याचं म्हणाल तर तुमचा किनारा उत्तर-दक्षिण पसरलेला, समुद्र पूर्वेला. दुपारचा खारा वारा आग्नेयेकडून येतो. सरळ पूर्वेला निघालात तर वारा उजव्या नाळेवर, पंचेचाळीस अंशांत. त्या कोनात होबी चालते, पण कुरकुरत चालते, थांबल्यावर वेग घ्यायला वेळ लावते. म्हणून किंचित डावीकडे, पूर्व-ईशान्येला धरा. वेग येऊ द्या. फुटणारी लाट समोर आली की नाळ तिच्याकडे काटकोनात वळवा, ती ओलांडली की पुन्हा डावीकडे. नागमोडी जायचं. सगळा वेळ लाटेकडे तोंड करून बसलात तर वाऱ्यात अडकाल, होडी थांबेल, मागे सरकायला लागेल, आणि मागे सरकताना सुकाणू उलटं चालतं. तुम्हाला दोनदा परत आणून टाकलं ते असंच झालं असणार.

पहाटेचा मतलई वारा, जमिनीवरून येणारा, जाताना फार गोड वाटतो. लाटा सपाट करतो, होडी आपोआप निघते. पण काही मोडलं तर तोच वारा तुम्हाला बंगालच्या उपसागरात घेऊन जाईल. अण्णा त्या वाऱ्याने जात, दुपारच्या खाऱ्या वाऱ्याने येत. पण त्यांच्या अंगात चाळीस वर्षांचा समुद्र होता आणि आजूबाजूला वाडीतल्या आणखी वीस कट्टुमरम असायच्या. तुम्ही तिघे आहात आणि होडी एक. जमिनीवरून जोराचा वारा असेल तेव्हा जाऊ नका.

तयारी वाळूवरच संपली पाहिजे. दोन्ही हलच्या मागची बुचं घट्ट बसवली का, ते एकाने बघावं आणि दुसऱ्याने हात लावून पुन्हा बघावं. सुकाणूची पाती वर उचललेली हवीत, पण खाली टाकून अडकवायचा चाप सैल आहे का तपासा. लाटांच्या मध्येच तो अडकतो हे मी इतक्यांदा पाहिलंय की मी आता प्रत्येक वेळी दोनदा वाजवून बघते. शिडांचे दोर खाचेतून मोकळे. दोर खाचेत अडकलेला असताना होडी पाण्यात गेली की शीड वारा भरून घेतं आणि तुम्ही चढण्याआधीच ती निघून जाते. पुढचं लहान शीड चढवूनच न्या, काढू नका. नाळ वाऱ्यात अडकली तर तिला फिरवायला तेच उपयोगी पडतं. लाइफ जॅकेट तिघांनाही, काठावरच्यालाही. आणि होडी सरकवताना डोक्यावर बघा. होबीची डोलकाठी आठ मीटरची, ॲल्युमिनियमची. किनाऱ्यावरच्या विजेच्या तारांनी परदेशात माणसं गेली आहेत. पुढे कंपनीने डोलकाठीचा वरचा भाग वीज न वाहणाऱ्या फायबरचा केला तो त्याचमुळे. तुमची होडी जुनी आहे म्हणता, म्हणजे तो भाग आहे की नाही ते बघून घ्या.

आता जायचं. मोठा घोळका फुटून संपत आला की होडी कमरेएवढ्या पाण्यात आणा, नाळ समुद्राकडे. शेवटची मोठी लाट नाळेखालून गेली की त्याच क्षणी निघा. ती फुटलेली बघत उभे राहू नका. सुकाणूवाला आधी चढतो, दोर खेचतो, पण पूर्ण नाही. वेग नसताना शीड घट्ट आवळलं तर होडी पुढे जाण्याऐवजी आडवी सरकते. नाळेवरचा माणूस शेवटच्या धक्क्यासोबत चढतो. पाती अर्धवट खाली असतात तोवर सुकाणू जड लागतं. दोन्ही हातांनी धरा, झटके देऊ नका, पात्याचा दांडा तिथेच मोडतो. छातीभर पाणी मिळालं की पाती खाली, चाप बंद.

लाट समोर उभी राहिली की तुमचं मन दोर सोडायला सांगेल. सोडू नका. वेग हाच तुमचा जीव. नाळ वर चढू लागताच दोघेही झटकन पुढे, पुढच्या दांड्यापर्यंत. मागे बसून राहिलात तर होडी उभी राहून उलट्या दिशेने तुमच्यावर येते. माथा ओलांडला की लगेच मागे, नाहीतर पलीकडे उतरताना नाळ पाण्यात घुसते. ट्रपीझचा, म्हणजे होडीबाहेर झुकून उभं राहताना आपल्याला डोलकाठीशी जोडणाऱ्या तारेचा, हुक या सगळ्यात कुणीही अडकवायचा नाही. शेवटची ओळ पार झाली, पाणी निळं झालं, मग अडकवा आणि मजा करा. तुम्हाला ती मिळावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. कारण ही होडी याच कामासाठी जन्मली. ती बनवणारे होबी अल्टर हे कॅलिफोर्नियातले लाटांवरच्या फळ्या बनवणारे गृहस्थ. त्यांना धक्का किंवा बंदर न लागणारी, वाळूवरून ढकलायची होडी हवी होती. म्हणून तिच्या पोटाखाली खोल पातं नाही. दोन्ही हल बाहेरून सपाट आणि आतून फुगीर आहेत, ते पात्याचं काम करतात. सुकाणू आपटलं तर वर उडतं. आणि दोन हलांमधली बसायची ट्रॅम्पोलिन जाळीची, लाट तिच्यातून वाहून जाते. अण्णांच्या कट्टुमरममध्येही पाणी ओंडक्यांच्या फटींतून निघून जायचं. जिच्यात पाणी साठतच नाही ती बुडणार कशी, असं ते म्हणत.

परत येताना घाई जाण्यापेक्षा वाईट. बाहेरच थांबा, पुन्हा घोळका मोजा. शेवटच्या मोठ्या लाटेच्या पाठीवर, तिच्या मागे राहून या, तिच्या पुढे नाही. दोघेही मागे बसा. वाळू जवळ आली की चाप सोडा, होडी लागताच उड्या मारा आणि त्या उड्याही समुद्राच्या बाजूला. मग थांबून गप्पा नाहीत. पुढची लाट येण्याआधी ती वर ओढायची.

ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत मात्र तिला बाहेर काढू नका. ईशान्येचा वारा तेव्हा थेट किनाऱ्यावर येतो, चक्रीवादळंही तेव्हाचीच. डोलकाठी उतरवा, होडी झाडीजवळ वर नेऊन जमिनीला बांधा.

प्रश्न : आम्ही रत्नागिरीजवळ राहतो. आमच्या किनाऱ्यावर लाटांच्या ओळीत मध्येच एक पट्टा शांत असतो, तिथे फेस कमी दिसतो. सुट्टीत आलेले पाहुणे मुलांना तिथेच उतरवतात, 'इथे लाट नाही' म्हणून. ते बरोबर आहे का? – एक आई

उत्तर : नाही. तुम्ही हे पत्र लिहिलंत याबद्दल मला तुमचे आभार मानायचे आहेत.

लाटांनी काठावर आणलेलं पाणी कुठून तरी परत जायलाच हवं. ते वाळूच्या बांधात एखादी फट शोधतं आणि तिथून जोरात बाहेर पडतं. फटीत तळ खोल, म्हणून लाट तिथे फुटत नाही, म्हणून फेस नाही. तो शांतपणा म्हणजे बाहेर जाणारा ओढा आहे. नीट बघितलंत तर पाण्याचा रंग तिथे गढूळ किंवा गडद दिसेल, फेसाचे तुकडे, काटक्या समुद्राकडे जाताना दिसतील.

गंमत अशी की वरच्या पत्रलेखकांना मी याच पट्ट्यातून होडी काढायला सांगेन. तिथे लाट कमी आणि पाणी स्वतःच बाहेर नेतं. अण्णाही तिथूनच जात. होडीला जी वाट, तीच पोहणाऱ्याला गिळते. अडकलेला माणूस किनाऱ्याकडे तोंड करून पोहतो, दमतो आणि मग बुडतो. तो ओढा तुम्हाला खाली खेचत नाही, बाहेर नेतो. म्हणून आडवं, किनाऱ्याला समांतर पोहायचं, जिथे लाटा फुटताना दिसतात त्या बाजूला. तिथल्या लाटा तुम्हाला परत आणतात. पोहवत नसेल तर उताणं पडून तरंगा, हात वर करा, ओरडा. आणि दुसऱ्या कुणाला वाचवायला रिकाम्या हाताने उडी मारू नका. तरंगणारं काहीतरी, निदान बूच लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन, बरोबर न्या.

पाहुणे ऐकत नसतील तर त्यांच्यासमोर त्या पट्ट्यात एक नारळाची करवंटी टाका. पाच मिनिटांत ती कुठे पोचते ते त्यांच्या डोळ्यांना दिसू द्या.

प्रश्न : कॅटामरान हा शब्द तमिळ आहे असं मुलीच्या शाळेत सांगितलं. मग दोन हलांची होडीसुद्धा आपल्याकडचीच का? – एक वाचक, पुणे

उत्तर : शब्द तमिळच. कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड. विल्यम डॅम्पियर या इंग्रज दर्यावर्दीच्या 1697 साली छापलेल्या प्रवासवर्णनात तो आला आणि इंग्रजीत रुळला. होडी मात्र वेगळी. कट्टुमरम हा ओंडक्यांचा तराफा. त्याला दोन हल नाहीत, एकही नाही. दोन हल जोडलेल्या होड्या पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरच्या लोकांच्या. पुढे इंग्रजी बोलणाऱ्यांनी त्या होड्यांना हे नाव चिकटवलं. अमेरिकेत नॅथनेल हेरशॉफ यांनी 1876 मध्ये 'ॲमेरिलिस' नावाची दोन हलांची होडी शर्यतीत उतरवली आणि ती इतकी पुढे गेली की इतरांनी तिच्याविरुद्ध तक्रार केली.

पण कट्टुमरमला त्यात कमीपणा नाही. मद्रासला नैसर्गिक बंदर नव्हतं. जहाजं दूर नांगर टाकून उभी राहत आणि माणसं, सामान 'मासुला' होड्यांतून लाटा ओलांडून काठावर यायचं. या मासुला खिळ्यांनी ठोकलेल्या नसत, काथ्याने शिवलेल्या असत. वाळूवर आपटल्या की फुटण्याऐवजी त्या लवत. आणि त्यांच्या बाजूने कट्टुमरम चालत, कुणी पाण्यात फेकलं गेलं तर उचलायला.

मुलीला मालवणला घेऊन जा. तिथल्या होडीच्या एका बाजूला दोन आडव्या दांड्यांवर बांधलेला लाकडी ओंडका दिसेल. त्याला उलांडी म्हणतात. होडी कलंडू नये म्हणून तो पाण्यावर टेकलेला असतो. दोन हलांच्या होडीची ती सख्खी चुलत बहीण. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाल्यावर कुणी कोळी बसलेला असला तर त्याला विचारा, उलांडी कुठल्या लाकडाची. तो तुम्हाला होडीत बसवूनच सांगेल.